मुलगा बोटीवर आहे आणि नकाशावर बोट दिसत नाहीये? जहाजाचा माग कसा ठेवतात, पायरी पायरीने

रत्नागिरी, गुहागर, दापोली, खेड, राजापूर, कुठल्याही गावात जा, चार घरांत एखाद्या घरातला मुलगा बोटीवर असतोच, आणि हल्ली त्या घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये जहाजं दाखवणारं ॲप पण असतं. रोज सकाळी आई बघते, दुपारी बाबा बघतात, रात्री बायको बघते. मग एक दिवस कोलंबो सोडून दोन दिवस झालेले असतात आणि जहाज नकाशावरून गायब, किंवा शेवटची पोझिशन अठ्ठावीस तासांपूर्वीची, आणि घरात कोणी जेवत नाही. मी सेकंड ऑफिसर आहे, जहाजावर नेव्हिगेशनची सगळी उपकरणं माझ्या ताब्यात असतात, त्यामुळे गावातले असे फोन मलाच येतात आणि प्रत्येकाला तेच सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. नवीन कॅडेट मुलं आणि मच्छीमार मंडळी यांच्यासाठी पण यात आहे, त्यांनी आपापल्या भागापर्यंत सरळ खाली गेलं तरी चालेल.

एकच गोष्ट डोक्यात ठेवून पुढे वाचा. तुम्हाला ठिपका दिसणं वेगळं आणि जहाज कुठे आहे हे ज्यांना कळायला पाहिजे त्यांना ते कळणं वेगळं. दोन्हीच्या सिस्टीम वेगळ्या आहेत. तुमच्या फोनवरची बंद पडली तरी दुसरी चालूच असते.

पायरी १. आधी जहाजाची ओळख कागदावर लिहा

नुसतं नाव चालत नाही. एकाच नावाची पाच सहा जहाजं जगात असतात, आणि जहाज विकलं की नाव बदलतं. लिहायचं ते हे: आयएमओ नंबर, एमएमएसआय नंबर, कॉल साइन म्हणजे जहाजाची रेडिओवरची खूण, झेंडा कुठल्या देशाचा, मालक कंपनी कोण, आणि मुलाला ज्यांनी पाठवलं ती मॅनिंग कंपनी कोण.

आयएमओ नंबर सात आकडी असतो आणि तो जहाज बांधल्यापासून भंगारात जाईपर्यंत तोच राहतो, मालक बदलो, झेंडा बदलो, नाव बदलो. म्हणून शोधायचं ते नेहमी याच नंबरवरून. फोनवर ऐकून लिहून घेताना एखादा आकडा चुकतोच, तर तो बरोबर आहे का हे घरबसल्या तपासता येतं. पहिल्या सहा आकड्यांना ओळीने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा, बेरजेचा शेवटचा आकडा हाच नंबरातला सातवा आकडा असला पाहिजे. उदाहरणार्थ ९०७४७२९ घ्या: ९ गुणिले ७ म्हणजे ६३, मग ०, मग ३५, १६, २१ आणि ४, बेरीज १३९, शेवटी ९, म्हणजे नंबर बरोबर. जुळलं नाही तर मुलाला परत विचारा, चुकीच्या जहाजाची काळजी करत बसू नका.

एमएमएसआय हा नऊ आकडी रेडिओचा नंबर. मोठ्या जहाजाच्या या नंबरातले पहिले तीन आकडे देश सांगतात, भारताचे ४१९, लायबेरियाचे ६३६, मार्शल आयलंड्सचे ५३८. झेंडा बदलला की हा नंबर बदलतो. आपली बरीच मुलं परदेशी झेंड्याच्या जहाजावर असतात त्यामुळे ४१९ दिसला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, पण झेंडा कुठला हे मात्र नक्की माहीत पाहिजे, कारण पुढे बघाल तसं, दूरवरच्या माहितीवर पहिला हक्क त्या देशाचा असतो.

मॅनिंग कंपनीच्या नावापुढे तिचा आरपीएसएल लायसन्स, म्हणजे खलाशी भरती करायच्या परवान्याचा, नंबर पण लिहा. हे लायसन्स आपलं नौवहन महासंचालनालय म्हणजे डीजी शिपिंग देतं. ज्या एजंटकडे ते नाही त्याच्यामार्फत पोराला पाठवूच नका, मी हात जोडून सांगतोय, कारण काही झालं तर कोणाच्या दारात जाऊन विचारायचं हेच कळत नाही.

पायरी २. ॲपवर जे दिसतं ते काय आहे

मरीनट्रॅफिक, वेसलफाइंडर ही ॲप जी माहिती दाखवतात ती एआयएस नावाच्या यंत्राची. जहाजावरचं हे यंत्र व्हीएचएफ रेडिओवर सतत बोलत असतं, मी अमुक, मी इथे आहे, माझा वेग इतका, मी या दिशेला चाललोय. मुळात हे जहाजांनी एकमेकांना धडकू नये म्हणून आहे. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० ग्रॉस टनेज (हे जहाजाच्या आकाराचं माप) आणि वरच्या जहाजांना आणि सगळ्या पॅसेंजर जहाजांना ते सक्तीचं आहे, २००४ च्या अखेरीपर्यंत सगळ्यांवर बसलं. जहाज चालू असताना वेगाप्रमाणे दर २ ते १० सेकंदांनी आपली पोझिशन सांगतं, नांगरावर असलं की दर ३ मिनिटांनी.

हा आवाज कोणीही ऐकू शकतं, त्यात गुप्त काही नाही. किनाऱ्यावर कोणी छतावर अँटेना लावून रिसीव्हर बसवतं, तो इंटरनेटला जोडतं, आणि ते ॲपच्या नकाशावर येतं. म्हणजे नकाशावरचा ठिपका हा कुठल्या तरी किनाऱ्यावरच्या रिसीव्हरने ऐकलेला असतो. ऐकणारा जवळ नसेल तर ठिपका नाही. बास, अर्ध्या काळजीचं उत्तर इथेच आहे.

आता किती लांबून ऐकू येतं? व्हीएचएफ साधारण सरळ रेषेत जातं, पृथ्वीचा गोलावा आडवा आला की संपलं. हिशेब सोपा आहे. दोन्ही अँटेनांची उंची मीटरमध्ये घ्या, प्रत्येकीचं वर्गमूळ काढा, बेरीज करून २.२ ने गुणा, उत्तर सागरी मैलात येतं. समजा किनाऱ्यावरची अँटेना समुद्रसपाटीपासून १०० मीटरवर आहे आणि जहाजाची ३० मीटरवर. १० अधिक साधारण साडेपाच, गुणिले २.२, म्हणजे ३४ मैलांच्या आसपास. सागरी मैल १८५२ मीटरचा, तर हे झाले ६३ किलोमीटर. हवा चांगली असेल तेव्हा जास्त लांबून पण येतं पण त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. म्हणजे कोचीहून न्हावा शेवाला जाणारं जहाज आपल्या किनाऱ्याला समांतर वर जाताना बहुतेक दिसत राहील आणि तेच ओमानमधल्या सलालाकडे वळलं की काही तासांत दिसेनासं होईल.

ॲप उघडल्यावर काय बघायचं ते सांगतो. सगळ्यात आधी पोझिशन कधी मिळाली ती वेळ. ठिपका आत्ताचा आहे का कालचा हे ती वेळ सांगते, ठिपका नाही सांगत, आणि लोक नेमकं तेच बघत नाहीत. वेळ यूटीसीमध्ये म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असेल तर साडेपाच तास मिळवा. मग वेग आणि दिशा, ही मशीन आपोआप पाठवतं म्हणून बहुतेक बरोबर असतात. पण कुठे चाललंय, कधी पोचणार, नांगरावर आहे की चालू आहे, हे सगळं आम्ही ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, हाताने भरतो, ड्युटीवरचा ऑफिसर बदलायचा विसरला की जहाज १२ नॉटने म्हणजे तासाला १२ सागरी मैलांनी धावतंय आणि खाली नांगरावर असं लिहिलेलं दिसतं. पोचायचं बंदर पण कोडमध्ये लिहितात, आयएनएनएसए म्हणजे न्हावा शेवा, आयएनबीओएम म्हणजे मुंबई. तिथे भलतंच काही दिसलं तर जहाज पळवून नेलं असा अर्थ काढू नका, मुलाला मेसेज टाकून विचारा.

हे सगळं नीट समजून घ्यायचं असेल तर एखाद्या संध्याकाळी रत्नदुर्गावर दीपगृहाच्या बाजूला जाऊन बसा, दुर्बीण असेल तर न्या. जयगडला कोळसा घेऊन येणारं किंवा बाहेरून मुंबईकडे जाणारं एखादं जहाज दिसेल, ते ॲपवर शोधा, दिशा जुळते का बघा, किती मिनिटांपूर्वीची पोझिशन आहे बघा. आणि मग खाली मिरकरवाड्यातून बाहेर पडणाऱ्या मासेमारी बोटी मोजा आणि त्यातल्या ॲपवर किती दिसतात ते पण बघा. तो फरक डोळ्यांनी बघितला की पुढचं सगळं पटकन कळतं.

पायरी ३. ठिपका गेला, आता घाबरायचं का?

नाही. आधी ही कारणं बघा, जवळजवळ नेहमी यातलंच एक असतं.

जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं, वर सांगितलं तसं. उपग्रहावरून एआयएस ऐकायची सोय आहे पण ती माहिती ॲपवाले बहुतेक पैसे भरणाऱ्यांनाच दाखवतात. शिवाय उपग्रहाला एकाच वेळी हजारो मैलांतली जहाजं ऐकू येतात, गर्दीच्या समुद्रात मेसेज एकमेकांवर आदळतात आणि काही हरवतात, त्यामुळे पैसे भरूनही मध्ये मध्ये तास तास गॅप असतो.

दुसरं, कॅप्टनने मुद्दाम बंद केलं असेल. चाच्यांचा किंवा हल्ल्याचा धोका असलेल्या पट्ट्यात एआयएस चालू ठेवल्याने जहाजाला धोका वाढतोय असं कॅप्टनला वाटलं तर तो ते बंद करू शकतो, तो अधिकार त्याला आहे. नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात जे सुरू झालं त्यानंतर हे बरंच झालंय. अशा वेळी पोराने घरी आधी सांगितलेलं नसतं, कारण त्याला पण सांगायचं नसतं. आणि हो, तुमचा मुलगा अशा भागातून चाललाय हे कळलं तर जहाजाचं नाव आणि स्क्रीनशॉट गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. काळजीपोटी टाकता हे मला माहितीये, तरी नका टाकू.

तिसरं, जीपीएसचीच गडबड. जून २०२५ मध्ये होर्मुझच्या आसपास जीपीएसमध्ये इतका अडथळा आणला जात होता की नकाशावर जहाजं जमिनीवर उभी दिसत होती. एआयएस बिचारं जीपीएस जे देईल तेच ओरडून सांगतं. तेव्हा जहाज वाळवंटात दिसलं तर फोन करायची गरज नाही.

पायरी ४. मग लांब समुद्रात जहाज कोणाला माहीत असतं? एलआरआयटी

हा खरा विषय. याचं पूर्ण नाव घ्यायचं तर जहाजांची दूर पल्ल्याची ओळख आणि माग ठेवण्याची पद्धत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने मे २००६ मध्ये सोलास या समुद्रावरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणात १९-१ हा नियम घातला, १ जानेवारी २००८ पासून तो लागू झाला आणि प्रत्यक्ष जहाजांवर २००८ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने बसत गेला. आंतरराष्ट्रीय प्रवासातली पॅसेंजर जहाजं, ३०० टनेज आणि वरची मालवाहू जहाजं, आणि तेलाच्या हलत्या ड्रिलिंग रिग, यांना सक्ती. फक्त किनाऱ्यालगत रेडिओच्या टप्प्यातच फिरणाऱ्या आणि एआयएस असलेल्या जहाजांना सूट आहे.

एआयएस म्हणजे वाडीत उभं राहून मोठ्याने हाक मारणं, जो असेल तो ऐकेल, आणि एलआरआयटी म्हणजे नाव लिहून पाठवलेलं बंद पाकीट. जहाजावरचं उपग्रह टर्मिनल, बहुतेक ठिकाणी इनमारसॅट-सी, दर ६ तासांनी, म्हणजे दिवसातून ४ वेळा, कोणी बटण न दाबता तीनच गोष्टी पाठवतं: जहाजाची ओळख, पोझिशन, आणि ती कधीची. वेग नाही, माल नाही, बंदर नाही. ते उपग्रहावरून जमिनीवरच्या स्टेशनवर, तिथून सेवा देणाऱ्या कंपनीकडे, तिथून झेंड्याच्या देशाच्या डेटा सेंटरला जातं. भारतीय झेंड्याच्या जहाजांसाठी आपलं राष्ट्रीय केंद्र मुंबईत डीजी शिपिंगकडे आहे. वेगवेगळ्या देशांच्या केंद्रांना आपसात जोडणारं एक मधलं एक्स्चेंज आहे, ते लिस्बनची युरोपियन सागरी सुरक्षा संस्था चालवते, पण माहिती तिथे साठवली जात नाही, फक्त तिथून पुढे जाते. धोका वाटला तर जमिनीवरूनच आज्ञा देऊन ६ तासांचा वेळ १५ मिनिटांपर्यंत खाली आणता येतो, किंवा आत्ता कुठे आहेस असं एकदाच विचारता येतं, जहाजावर कोणाला हात लावावा लागत नाही.

कोणाला मिळते ही माहिती, ते नीट वाचा कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो.

झेंड्याच्या देशाला कायम, जहाज जगात कुठेही असो. ज्या देशाच्या बंदरात जहाज येणार असं कळवलंय त्या देशाला. किनाऱ्याच्या देशाला आपल्या किनाऱ्यापासून १००० सागरी मैलांपर्यंतच्या जहाजांची, मग ती त्याच्या बंदरात येणार असोत नाहीतर नुसती बाजूने जाणारी असोत. फक्त जहाज स्वतःच्याच झेंड्याच्या देशाच्या हद्दीतल्या पाण्यात असेल तर दुसऱ्याला मागता येत नाही. १००० मैल म्हणजे किती? आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरून मस्कत ९०० मैलांच्या आसपास येतं, म्हणजे जवळजवळ पलीकडचा काठ. आणि शोध आणि बचाव करणाऱ्यांना, म्हणजे आपल्याकडे तटरक्षक दलाला, जीव वाचवायच्या कामासाठी ती फुकट मिळते. बाकी जो देश मागेल त्याने पैसे भरायचे, जहाजाला त्याचा खर्च लावत नाहीत.

तुम्हाला, मला, पत्रकाराला, ॲपवाल्याला ही माहिती मिळत नाही. मिळू पण नये. चाच्यांच्या हातात हे पाकीट पडलं तर काय होईल विचार करा. पण म्हणूनच मी घरच्यांना सांगतो, ॲपवर ठिपका नसला तरी दिवसातून चार वेळा तुमच्या मुलाच्या जहाजाने हजेरी दिलेली असते, आणि आली नाही तर ते डेटा सेंटरमधल्या माणसाला दिसतं.

बचावात याचा उपयोग कसा होतो ते पण सांगतो, मला ही बाजू सगळ्यात मोलाची वाटते. भर समुद्रात एखादं जहाज बुडतंय अशी खबर आली तर मुंबईच्या बचाव समन्वय केंद्राला त्या भागात आत्ता कुठली कुठली जहाजं आहेत याचं चित्र मागवता येतं. तटरक्षक दलाचं जहाज पोचायला एक दिवस लागणार असेल आणि ४० मैलांवर एखादं कंटेनर जहाज चाललं असेल, तर त्याला मेसेज जातो आणि ते वळतं. अशा वेळी एआयएसच्या मोफत नकाशावर तो समुद्र रिकामा दिसत असतो.

पायरी ५. कॅडेट आणि ज्युनिअर ऑफिसर, हे तुमच्यासाठी

जहाजावर चढलात की पहिल्या आठवड्यात एलआरआयटी कुठल्या टर्मिनलवरून जातं ते शोधा. सेपरेट डबा शोधू नका, बहुतेक वेळा ते जीएमडीएसएसच्या, म्हणजे संकटात मदत मागायच्या रेडिओ व्यवस्थेच्या, इनमारसॅट-सीवर असतं किंवा छोट्या मिनी-सीवर, ज्याच्यावर सिक्युरिटी अलर्टचं बटण पण जोडलेलं असतं. दोन्हीचा फरक पाठ करा. एलआरआयटी आपोआप जातं. सिक्युरिटी अलर्ट जहाजावर हल्ला झाला तर दाबायचा, तुम्ही दाबलात तरच जातो, कंपनीला आणि झेंड्याच्या देशाला गुपचूप कळतं आणि जहाजावर कसलाही आवाज होत नाही, दिवा लागत नाही. टेस्ट करायच्या आधी कळवल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

रोज बघायचं ते थोडं आहे: टर्मिनल उपग्रहावर लॉग-इन आहे का, त्याला जीपीएस मिळतोय का, पॉवर नीट आहे का. अँटेना फनेलच्या म्हणजे धुराड्याच्या किंवा क्रेनच्या आड येत असेल तर एका ठराविक कोर्सवर लॉग-इन सुटतं आणि बंदरात सगळं ठीक दिसतं, म्हणून कोर्स बदलल्यावर एकदा नजर टाका.

कन्फॉर्मन्स टेस्ट रिपोर्ट, म्हणजे एलआरआयटी नियमाप्रमाणे चालतं याचा दाखला, जहाजावर पाहिजे, पोर्ट स्टेट कंट्रोलवाला म्हणजे बंदराच्या देशाचा तपासनीस आला की मागतो. झेंडा बदलला किंवा टर्मिनल बदललं की नवीन टेस्ट, जुन्या कागदावर चालत नाही. झेंडा बदलताना जुन्या देशाने टर्मिनलमध्ये टाकलेला डीएनआयडी हा ओळख नंबर काढून नवीन टाकावा लागतो, हे जमिनीवरून होतं, पण झालं का नाही हे विचारायचं काम आपलं.

आणि ब्रेकर पाडायचा नाही. दुरुस्तीसाठी ड्रायडॉकमध्ये जाताना किंवा जहाज बराच काळ उभं करायचं असताना बंद करायचं असेल तर झेंड्याच्या देशाला आधी कळवायचं. सुरक्षेसाठी कॅप्टनने बंद केलं तर त्याने तातडीने कळवायचं आणि कधी, का बंद केलं ते लॉगबुकमध्ये लिहायचं. नवीन मुलं इलेक्ट्रिशियनला मदत करताना कुठला स्विच कशाचा ते न बघता खाली करतात, आणि मग रात्री कंपनीतून फोन येतो की तुमचं जहाज कुठे आहे.

पायरी ६. मासेमारी बोट असेल तर

इथे एलआरआयटी नाही, नियमच ३०० टनेजच्या वरच्यांना आहे. आपल्या तांडेलांकडे, म्हणजे बोटीच्या प्रमुखांकडे, जे पाहिजे ते वेगळं. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला पंतप्रधानांनी जी योजना सुरू केली त्यात देशभरात १ लाख यांत्रिक आणि इंजिनवाल्या बोटींवर ट्रान्सपॉन्डर म्हणजे माग देणारी यंत्रं बसवायची आहेत, ३६४ कोटींची योजना आहे. हा इस्रोच्या तंत्रावर चालतो, मोबाईलची रेंज जिथे संपते तिथून पुढे उपग्रहावरून बोलतो, बोटीची पोझिशन पाठवतो, तांडेल संकटाचा संदेश पाठवू शकतो, आणि किनाऱ्यावरून वादळाचा इशारा बोटीवर येऊ शकतो. तुमच्या बोटीवर अजून बसला नसेल तर मत्स्य विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे जाऊन बोटीचा नोंदणी नंबर देऊन विचारा. आपल्या कुठल्या स्पॉटवर मासे आहेत हे सरकारला कळेल म्हणून काही जण बंद करून ठेवतात असं ऐकतो. बाबांनो, जाळी टाकायची जागा परत शोधता येते.

त्याच्याशिवाय व्हीएचएफ चॅनल १६ वर, म्हणजे संकटाच्या हाकेच्या चॅनलवर, चालू ठेवा, आणि परवडत असेल तर क्लास बी म्हणजे छोट्या बोटींसाठीचं एआयएस लावाच. हे मी मोठ्या जहाजाच्या ब्रिजवरून सांगतोय. रात्री, लाटा उठलेल्या असताना, फायबरची किंवा लाकडी बोट रडारवर लाटांच्या ठिपक्यांत मिसळून जाते, आम्ही डोळे फाडून बघत असतो तरी जवळ आल्यावरच दिसते, आणि २०० मीटरचं भरलेलं जहाज थांबायला मैलाच्या वर जागा घेतं. एआयएस असेल तर तीच बोट पाच सहा मैलांवरून नावासकट दिसते. बोटीवरचा दिवा आणि एआयएस या दोन गोष्टींनी जितके जीव वाचतील तितके बाकी कशाने नाही वाचणार.

डिस्ट्रेस बीकन, म्हणजे उपग्रहावरून संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र, ४०६ मेगाहर्ट्झचा ईपीआयआरबी किंवा इस्रोचा डॅट, असेल तर तो केबिनमध्ये गाद्यांखाली ठेवू नका. चुकून चालू झाला तर नुसता बंद करून गप्प बसू नका, तटरक्षक दलाला कळवा, नाहीतर तिकडे विमान निघायची तयारी चाललेली असते.

पायरी ७. हे सगळं असून काय निसटतं

माग ठेवायच्या सगळ्या यंत्रांना दोन गोष्टी लागतात, वीज आणि इच्छा. यातली एक नसली की यंत्र मुकं. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करायला आलेले ‘कुबेर’ ही आपलीच मासेमारी बोट बळकावून आले, आणि ती बोट कुठे चाललीय हे कळायची कसलीही सोय तेव्हा नव्हती. २०११ मध्ये ‘पवित’ नावाचा छोटा टँकर ओमानजवळ खलाशांनी सोडला, खलाशांना वाचवलं, आणि तो रिकामा टँकर महिनाभर वाहत वाहत जुलैअखेर थेट जुहूच्या वाळूत येऊन बसला. त्याच्यावर माणूस नाही, वीज नाही, मग हाक कोण मारणार? ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला ‘लेडी हान’ ही नौका लागली, आत तीन एके-४७, सगळा रायगड जिल्हा हादरला, आणि नंतर कळलं की ती पण ओमानकडे इंजिन बिघडल्यावर सोडून दिलेली. पावसाळ्यात वारा आणि प्रवाह तिकडचं सगळं आपल्याकडेच आणतात, हे कोळ्यांना सांगायला नको.

म्हणून २६/११ नंतर तटरक्षक दलाने किनाऱ्यावर रडार आणि कॅमेऱ्यांची साखळी उभी केली, पहिल्या टप्प्यात ४६ ठिकाणी, आणि दीपगृहांवर एआयएसचे रिसीव्हर बसले. रडारला समोरच्याची इच्छा लागत नाही. पण रडारवर दिसलेला ठिपका मासेमारी बोट आहे की आणखी काही, हे ओळखायला शेवटी एआयएस, ट्रान्सपॉन्डर किंवा जवळचा तांडेल लागतो. जितक्या जास्त बोटी आपली ओळख सांगतील तितकी न सांगणारी एक उठून दिसेल. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारी बंद, बोटी धक्क्याला, म्हणजे समुद्रावर नेहमीचे डोळेच नसतात, आणि ‘पवित’ त्याच काळात आला. तेव्हा त्या दोन महिन्यांत किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी जास्त बघायचं. अनोळखी बोट, माणूस नसलेली बोट, दिवा न लावता उभी असलेली बोट दिसली तर जवळ जाऊ नका, चढू तर मुळीच नका, वेळ, जागा आणि दिशा लिहून १०९३ वर सागरी पोलिसांना किंवा १५५४ वर तटरक्षक दलाला सांगा.

पायरी ८. खरंच काळजीचं वाटलं तर कोणाला फोन

ठिपका नाही म्हणून नाही. मुलाचा रोजचा मेसेज ठरलेल्या वेळेच्या बराच पुढे गेला, त्याच्याबरोबरच्या दुसऱ्या मुलाच्या घरीही काही नाही, किंवा त्या भागात वादळ किंवा हल्ल्याची बातमी आहे, तेव्हा.

पहिला फोन मॅनिंग कंपनीला. पायरी १ चा कागद समोर घ्या, जहाजाचं नाव आणि आयएमओ नंबर सांगा आणि नेमकं विचारा: जहाजाचा आजचा नून रिपोर्ट, म्हणजे जहाज रोज दुपारी कंपनीला पाठवतं तो अहवाल, आला का, कुठल्या वेळेचा, जहाजाशी शेवटचं बोलणं कधी झालं. हे प्रश्न विचारले की नुसतं सगळं ठीक आहे म्हणून फोन ठेवता येत नाही. प्रत्येक जहाज चालवणाऱ्या कंपनीत डीपीए नावाचा एक जबाबदार माणूस जमिनीवर नेमलेला असतो, त्याचा नंबर मुलाने घर सोडायच्या आधीच लिहून ठेवायला सांगा, जहाजावर तो भिंतीवर लावलेला असतो, फोटो काढून पाठवायला एक मिनिट लागतं.

तिथे उत्तर नाही मिळालं तर डीजी शिपिंग, जहाज परदेशी झेंड्याचं असलं तरी. खलाशी भारतीय आहे तेवढं पुरे, पुढे झेंड्याच्या देशाशी बोलायचं काम त्यांचं. जहाज खरंच संकटात असल्याचं कळलं असेल, म्हणजे पाणी भरतंय, आग लागलीय, लोक लाइफबोटीत उतरलेत, तर कोणाचीही वाट न बघता १५५४. फोनवर क्रम हा ठेवा: जहाजाचं नाव, आयएमओ नंबर, शेवटची माहीत असलेली जागा आणि ती कधीची, जहाजावर किती माणसं, तुम्हाला हे कोणी आणि किती वाजता सांगितलं. मग तुमचा नंबर. आणि तो फोन नंतर रिकामा ठेवा, नातेवाइकांना दुसऱ्या फोनवरून बोला, कारण ते उलट फोन करतात.